होळी ते मृग : रिकाम्या हंगामातील जोडमजुरी आणि घरचा हिशेब

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपल्याकडे लहानथोर सर्वांच्या तोंडी आहे. तीत शेतीचा गौरव आहे हे खरे; परंतु तिचा एक विपरीत अर्थही रूढ झाला आहे. ज्याच्या नावे सातबारा आहे त्याने दुसऱ्याच्या दारी रोजाने जाऊ नये, गेल्यास घराण्याची पत जाते, असे पुष्कळ कास्तकार कुटुंबांत मानले जाते. पत नेमकी कशाने जाते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. महसूल खात्यात आमची सारी नोकरी कागदपत्रांच्या सहवासात गेली. घरची माणसे रोजाने गेली म्हणून कोणाच्या सातबाऱ्यावर बोजा चढल्याचे आमच्या पाहण्यात नाही. बी-भरणाच्या, लग्नाच्या किंवा दुखण्याच्या वेळी हाती रोकड नव्हती म्हणून बोजा चढला, अशी उदाहरणे मात्र पुष्कळ पाहिली. सबब रिकाम्या हंगामात जोडमजुरी करावी किंवा कसे, आणि केल्यास कोणत्या अटींवर करावी, याचा विचार कुही तालुक्यातील परिस्थिती डोळ्यांपुढे ठेवून येथे करण्याचे योजिले आहे.

रिकामा काळ किती?

लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखाली १९२६ साली नेमलेल्या शाही शेतकी कमिशनने आपल्या १९२८ च्या अहवालात हिंदी शेतकऱ्याच्या फावल्या वेळाचा विचार केला होता. देशाच्या बहुतेक भागांत शेतकऱ्यास वर्षातून किमान दोन ते चार महिने पूर्ण रिकामे जातात, असा त्या कमिशनचा अभिप्राय होता. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९३४ साली, आपल्या शेजारच्या वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याच्याही मुळाशी हाच रिकाम्या हातांचा प्रश्न होता.

आपल्या तालुक्यापुरते पाहिल्यास, पाण्याची सोय नसलेल्या धानाच्या बांधीत कापणी-मळणी आटोपली, मागाहून टाकलेली लाखोळी निघाली, की फारसे काम उरत नाही. सोयाबीन, तूर, हरभरा करणाऱ्याचेही काम होळीच्या सुमारास संपते. होळीपासून ७ जूनच्या मृग नक्षत्रापर्यंतचा काळ तिथीच्या फरकाने सुमारे ७० ते १०० दिवसांचा असतो. ज्यांच्या विहिरीस पाणी आहे किंवा ज्यांच्या शेतापर्यंत उपसा योजनेचे पाणी पोचले आहे, त्यांचे गणित निराळे. ज्या गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ साली बसली, त्याच्या जलाशयात आपल्या तालुक्यातील कित्येक गावांच्या जमिनी बुडाल्या. तेथील जी कुटुंबे अल्प जमिनीवर राहिली, त्यांस तर रिकाम्या दिवसांचा हिशेब अधिकच काटेकोरपणे करावा लागतो.

परंतु हे सर्व दिवस मोकळे आहेत असे समजू नये. उन्हाळी नांगरट व वखरणी, धसकटे वेचणे, शेणखत वाहून पसरणे, धुऱ्यांची व पाळींची डागडुजी, घर शाकारणे, आणि घरच्या बियाण्याची उगवणशक्ती पाहणे, ही कामे याच काळातील होत. त्यांस किमान बारा ते पंधरा दिवस राखून ठेवावेत. लग्नसराई, बाजार व आजार यांचे आठ-दहा दिवस धरावेत. एवढे वजा करून जे उरतात, तेवढेच दिवस मजुरीस मोकळे समजावे. सामान्यतः ते चाळीस ते साठ भरतील.

परिसरातील कामे

आपल्या भागाचे पहिले काम मिरचीचे. भिवापुरी मिरचीस भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि भिवापूर, कुही व मांढळ या टापूत मिरचीचा व्यवहार पूर्वीपासून चालत आलेला आहे. हिवाळा सरू लागला म्हणजे मिरचीचे सातरे लागतात. सातऱ्यावर वाळलेली लाल मिरची पसरून तिचे देठ हाताने खुडले जातात, डागी व पांढरी पडलेली मिरची निराळी काढली जाते व चांगली मिरची पोत्यांत भरली जाते. देठ राहिल्यास तिखटाचा रंग फिका पडतो. म्हणून तिखट करणाऱ्यास व परदेशी माल पाठविणाऱ्यास बिनदेठी माल हवा असतो. या कामाची मजुरी बहुधा खुडलेल्या मालाच्या वजनावर मिळते. काम बसून करावयाचे, अवजार लागत नाही, आणि सावलीत होते. यास्तव स्त्रिया व वयस्क माणसे यांस ते साधते. नवख्या माणसाचे पहिल्या आठवड्यात वजन कमी भरते. बोटांना सवय झाली म्हणजे ते वाढते. तेव्हा पहिल्या दोन दिवसांच्या मजुरीवरून कामाचा निकाल करू नये.

या कामात शरीरास त्रास होतो, तो लपविण्यात अर्थ नाही. मिरचीतील तिखट द्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून नुसत्या पाण्याने हात धुतल्यास आग शमत नाही. काम सुटल्यावर प्रथम हातांस गोडेतेल किंवा खोबरेल चोळून ते फडक्याने पुसावे, नंतर साबणाने धुवावे, आणि तोवर डोळ्यांस हात लावू नये. नाकातोंडावर दुपदरी फडके बांधावे. कामाचे लुगडे निराळे ठेवावे व ते घरच्या कपड्यांत मिसळू नये. तान्ह्या मुलास सातऱ्यावर नेणे सर्वथा टाळावे. दम्याची व्यथा असलेल्या माणसाने हे काम पत्करूच नये. त्याची मजुरी औषधात जाईल.

दुसरे काम मोहफुलांचे. मार्च-एप्रिलमध्ये ही फुले रात्रीच्या उत्तरभागात व पहाटे गळतात, आणि सकाळच्या प्रहरी वेचावी लागतात. त्यामुळे दिवसाचा उरलेला वेळ मोकळा राहतो, हा या कामाचा मोठा गुण आहे. ज्यांच्या धुऱ्यावर मोहाचे झाड आहे त्यांनी झाडाखाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरावी, म्हणजे फुलांस माती लागत नाही व वेचणीचा वेळ वाचतो. पाचोळा पेटवून जागा साफ करण्याची चाल फार वाईट आहे. तीपासून वणवे लागतात आणि झाडांची रोपे जळतात. फुले कडक वाळवून कोरड्या जागी ठेवल्यास पावसाळ्यात सहसा बरा भाव मिळतो. हंगामात ओला माल घाईने विकणारा नुकसान सोसतो. या फुलांच्या वाहतुकीवर व साठ्यावर पूर्वी कडक निर्बंध होते. २०२१ साली राज्य शासनाने ते शिथिल केले. तरी चालू नियम वन कचेरीत विचारून घ्यावेत.

तिसरे काम तेंदूपत्त्याचे. त्याचा हंगाम साधारणपणे एप्रिलअखेरीपासून मे महिन्यात थोडेच दिवस असतो व पावसाची सर आली की संपतो. आपल्या राज्यात ७० पानांचा एक पुडा व १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी धरतात. म्हणजे एका गोणीस ७०,००० पाने लागतात. खुडण्याइतकाच वेळ घरी पाने जुळवून पुडे बांधण्यात जातो, हे मजुरीचा हिशेब करताना विसरू नये. तेंदूच्या उत्पन्नातून मजुरांस मागाहून बोनस देण्याची पद्धत आहे. याकरिता फळीवर ज्याने पाने दिली त्याचेच नाव व बँकेचा खातेक्रमांक नोंदला आहे काय, हे पाहून घ्यावे. दुसऱ्याच्या कार्डावर पाने दिल्यास आजची मजुरी मिळते व उद्याचा बोनस बुडतो. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ साली झाले असून त्याचा काही भाग कुही तालुक्यात येतो. अभयारण्याच्या हद्दीत शिरून पाने काढणे हा गुन्हा आहे. शिवाय हे वाघाचे रान आहे. हद्दीबाहेरही एकट्याने जाऊ नये, पहाटेच्या अंधारात वाकून काम करू नये, व जथ्यातील एकाने सतत सभोवार नजर ठेवावी.

चौथे काम सार्वजनिक कामांवरील मजुरीचे. १९७२ च्या दुष्काळात आपल्या राज्याने रोजगार हमीची जी योजना हाती घेतली, तिचा कायदा १९७७ साली होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. आणि पुढे २००५ साली केंद्राने वर्षातून १०० दिवसांच्या कामाची हमी देणारा कायदा केला. त्यानंतर नियम बदलत आलेले आहेत. म्हणून चालू नियमांची माहिती ग्रामपंचायतीतून लेखी मागावी. येथे ध्यानात ठेवण्याची गोष्ट एवढीच की, काम तोंडी मागू नये. अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. पोचेवाचून केलेली मागणी कचेरीच्या दृष्टीने झालेलीच नसते, हे आमच्या अनुभवाचे बोल आहेत.

याशिवाय विटांच्या भट्ट्या, भाताच्या गिरण्या व नागपुरातील इमारतींची कामे आहेतच. पूर्वी कुहीहून छोट्या गाडीने इतवारीस जाणे स्वस्त पडे. ती गाडी रूळ रुंद करण्याकरिता २०१९ साली बंद झाली. शहरातील रोज दिसावयास मोठा असतो. परंतु जाण्यायेण्याचे भाडे, बाहेरचे खाणे व वाटेत मोडणारे दोन-तीन तास वजा केल्यावर तो गावच्या रोजापेक्षा कितीसा अधिक उरतो, हे प्रत्येकाने कागदावर मांडून पाहावे.

हिशेबाचे एक उदाहरण

समजा, एका चार एकरांच्या कास्तकाराच्या घरातील दोन माणसांनी सातऱ्यावर ४० दिवस काम केले. प्रत्येकाची दिवसाची मजुरी सरासरी २५० रुपये धरू. एकूण मजुरी २०,००० रुपये झाली. जाण्यायेण्याचे माणशी ३० रुपयांप्रमाणे २,४०० रुपये, चहापाण्याचे माणशी १० रुपयांप्रमाणे ८०० रुपये, आणि तेल, साबण, औषध यांचे ८०० रुपये, असे एकंदर ४,००० रुपये वजा जाता १६,००० रुपये हाती राहिले. हे आकडे रीत समजण्यापुरते आहेत. वाचकांनी आपल्या गावचे दर घालून हिशेब पुन्हा करावा.

आता हे १६,००० रुपये मृगापूर्वी बियाणे व खत यांत गेले असे धरू. तोच माल उधारीने घेतला असता आणि दरमहा शेकडा २ प्रमाणे सहा महिन्यांचे व्याज पडले असते, तर १,९२० रुपये जास्त द्यावे लागले असते. म्हणजे त्या मजुरीची खरी किंमत १७,९२० रुपये झाली. रोखीने घेणाऱ्यास दुकान निवडता येते, पक्की पावती मागता येते आणि बियाणे न उगवल्यास तक्रार करता येते. उधारीच्या गिऱ्हाइकाची जीभ मात्र बांधलेली असते.

हेच घर दिवाळीत लग्नाकरिता १५,००० रुपये उचल घेऊन बसले, आणि उचल देणाऱ्याने मजुरी २५० ऐवजी २०० रुपये ठरविली, असे धरू. त्याच ८० रोजांचे आता १६,००० रुपये होतात. चार हजार रुपये न दिसता गेले. १५,००० रुपयांवर चार-पाच महिन्यांस ४,००० रुपये म्हणजे शेकडा २६ हून अधिक! दरमहा शेकडा २ चा सावकारसुद्धा पाच महिन्यांस शेकडा १० च घेतो. उचलीवर व्याज नाही असे पुष्कळ लोक समाधानाने सांगतात. ते व्याज मजुरीच्या दरात दडलेले असते. शिवाय उचल घेतलेल्या माणसास काम सोडून वेळेवर पेरणीस परत येता येत नाही, आणि हे नुकसान सर्वांत मोठे आहे. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्यावर करावयाची असते. ती वेळ साधली पाहिजे. आणि त्या दिवशी घरचा माणूस दुसऱ्याच्या कामावर अडकलेला असेल, तर आठ दिवसांच्या मजुरीपायी सबंध हंगाम मागे पडतो.

जोडकाम मुख्य काम होते तेव्हा

या गोष्टीचे मोठे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. बीड जिल्ह्यातून दरसाल फार मोठ्या संख्येने कुटुंबे साखर कारखान्यांच्या उसतोडीस जातात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, मुकादमाकडून उचल अगोदर घेतली जाते, आणि दिवाळीच्या सुमारास घर सोडलेली माणसे चार-सहा महिने फडावर राहतात. त्यांपैकी पुष्कळांच्या नावे जमीन आहे. तरी पाऊस व उचल यांच्या कात्रीत सापडून ज्यांची शेती उसतोडीच्या सवडीने होऊ लागली, त्यांच्या घरी मुलांची शाळा मोडली व फिटलेल्या उचलीच्या जागी नवी उचल आली. या कष्टाळू लोकांस दोष देण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. त्यांच्या अनुभवावरून इतरांनी सावध व्हावे, एवढेच म्हणणे आहे.

परदेशांतही हाच अनुभव आहे. जपानच्या ईशान्य भागात हिवाळ्यात शेते बर्फाखाली जातात. तेथील शेतकरी पूर्वीपासून त्या महिन्यांत बाहेरगावी कामास जात. या चालीस ते ‘देकासेगी’ म्हणतात. इवाते प्रांतातील शेतकऱ्यांनी हिवाळ्यात तांदळाचे मद्य गाळण्याच्या कामात एवढे प्रावीण्य मिळविले, की ‘नानबू तोजी’ या नावाने त्या कारागिरांची देशभर प्रतिष्ठा झाली. वसंत ऋतू आला की ते धानाच्या शेतात परत येत. परंतु १९६० नंतरच्या काळात शहरांतील बांधकामावर गेलेले पुरुष अधिकाधिक काळ तिकडेच राहू लागले. मागे आजा, आजी व आई या तिघांनीच शेती ओढावी, अशी स्थिती अनेक गावांत झाली. एकाच चालीची ही दोन फळे. जेथे काम ऋतूबरोबर संपत होते व हातास कसब देत होते तेथे घर सावरले. जेथे ते वर्षभर पुरून उरले तेथे शेत ओस पडू लागले.

पैसा कोठे जावा

मजुरीचा पैसा रोजच्या खर्चात मिसळला की त्याचा माग लागत नाही. म्हणून काम सुरू करण्यापूर्वीच त्याचा उपयोग ठरवावा. आमच्या मते क्रम असा असावा. पहिल्याने, पीककर्जाची बाकी. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्यास डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याजाचा भार पडू नये, अशी राज्याने सोय केली. परंतु मुदत टळली की सवलत जाते व पुढील कर्जही अडते. ज्यास थोड्याच रकमेसाठी मुदत चुकण्याची भीती आहे, त्यास होळीनंतरचे पहिले पंधरा-वीस रोज फार मोलाचे आहेत. मात्र मुदतीची तारीख बँकेत किंवा सोसायटीत आधी विचारावी. दुसऱ्याने, बियाणे व खत. तिसऱ्याने, घरात आजारपणासाठी थोडी शिल्लक. लग्न व घरबांधणी यांचा क्रम यानंतरचा.

नोंदीसाठी शाळेची एक वही पुरे. तारीख, माणूस, काम, वजन किंवा पुडे, दर, मिळालेली रक्कम व त्या दिवसाचा खर्च अशी सात घरे आखावीत. वजन काट्यावर स्वतः पाहावे आणि त्याच सायंकाळी लिहावे. वाद झाल्यास आठवणीपेक्षा त्या दिवशीचे अक्षर अधिक उपयोगी पडते.

घरातील विचार

सातऱ्यावर बहुधा घरातील स्त्रिया जातात, आणि परत आल्यावर चूल, पाणी व गुरे त्यांच्याच वाट्यास येतात. मजुरीमुळे घराची मिळकत वाढली आणि घरच्या बाईचे दिवसाचे काम चौदा-पंधरा तासांवर गेले, तर तो व्यवहार किफायतशीर म्हणता येणार नाही. तिच्या दुखण्याची किंमत पुढील वर्षी मोजावी लागेल. म्हणून त्या दिवसांत पाणी भरणे, गुरांचे वैरणपाणी व सायंकाळचा स्वयंपाक यांची वाटणी पुरुषांनी व मोठ्या मुलांनी करून घ्यावी. तिच्या मजुरीची रक्कम तिच्याच खात्यात जमा व्हावी, आणि ती कशास लागावी हे ठरविताना तिचा शब्द प्रथम घ्यावा. परीक्षा संपल्याखेरीज शाळकरी मुलांस कामास लावू नये. विटांच्या भट्टीसारख्या ठिकाणी व मिरचीच्या धुळीत तर केव्हाच नाही.

घरच्या शेतकामासाठी इर्जिकीची जुनी चाल पुन्हा धरल्यास पुष्कळ दिवस मोकळे होतील. चार-पाच शेजाऱ्यांनी पाळीपाळीने एकमेकांची बांधबंदिस्ती व खत वाहणी उरकली, तर प्रत्येकास मजुरीचे आठ-दहा रोज अधिक मिळतात व कोणासही पैसे मोजावे लागत नाहीत. सातऱ्यावर किंवा फळीवरही एका गावच्या लोकांनी जथ्याने जावे. बंडी किंवा गाडी सामाईक करता येते, वजनावर चार डोळे राहतात, आणि दराची बोलणी एकट्यापेक्षा दहांची अधिक ऐकली जातात.

तात्पर्य, जोडमजुरी पत्करताना तीन अटी पाळाव्यात : तिच्यासाठी उचल घेऊ नये, घरच्या शेतीचे राखलेले दिवस मोडू नयेत, आणि रोहिणी नक्षत्र संपण्यापूर्वी ती आटोपून तिचा पैसा बियाण्याच्या थैलीत किंवा कर्जाच्या पावतीत रूपांतरित झालेला असावा. या अटींवर चार एकरांच्या मालकाने मिरचीचे देठ खुडले म्हणून त्याच्या मालकीस उणेपणा येत नाही. उलट ज्या सातबाऱ्याच्या अभिमानापायी तो घरी बसला असता, तो सातबारा बोजावाचून मुलांच्या हाती देण्याचा हा एक खात्रीचा मार्ग आहे. यंदाच्या होळीस प्रत्येक कास्तकाराने वही आखून आपले मोकळे दिवस मोजावेत, अशी आमची विनंती आहे.